नावाची ओंजळ

वैजनाथच्या घरात महिनाअखेरीलाही ताट भरलेलं असतं, ही बातमी कर्वेनगरच्या त्या गल्लीत पसरवली कुणी, तर स्वतः वैजनाथनं. किराणावाल्याकडे उभा राहिला की सांगायचा, ड्यूटीवर दुसरा गार्ड भेटला की सांगायचा, परभणीहून भावाचा फोन आला की स्पीकर लावून सांगायचा. "कमाई निम्मी झाली, पण ताटात कमी नाही. भाकरी, भाजी, आमटी, चटणी, कांदा. पोराला अंडं. बाहेरचा वडा नाही, की कुणाची उधारी नाही. घरातल्या बाईला अक्कल पाहिजे, बस्स."

स्तुती बायकोची होती, पण सांगताना हात स्वतःच्या छातीवर असायचा.

चाकणच्या कारखान्यात तो कंत्राटावर होता. कंत्राटी माणसाला काढून टाकत नाहीत, त्याला 'ब्रेक' देतात. जसं काही माणूस थकलाय आणि मालकाला त्याची दया आलीय. तो ब्रेक मिळाल्यापासून वैजनाथ एका सोसायटीच्या गेटवर निळा शर्ट घालून बसायचा आणि आत येणाऱ्या पिझ्झावाल्यांची नावं रजिस्टरात लिहायचा. दारू पीत नव्हता, बायकोवर हात टाकत नव्हता, पगार घरात आणून देत होता. आपल्याकडे एवढ्यावर माणसाचा देव होतो. आणि देवाला कुणी म्हणत नाही, की बाबा, जरा स्वयंपाकघरात येऊन भांडी उघडून बघ.

भांडी श्यामलाच्या ताब्यात होती. दोन खोल्यांतली मागची खोली म्हणजे तिचं राज्य, आणि त्या राज्यात काहीही वाया जात नव्हतं. भाजीवाला हातगाडीवर ताडपत्री ओढायला लागला, की ती पिशवी घेऊन उतरायची. तोवर किलोचा भाव मोडलेला असतो आणि उरलेल्या मालाचे वाटे लागलेले असतात. गड्डा एकीनं नेला, की फ्लॉवरचे दांडे ही मागून घ्यायची. दांडे सोलले की आतला गर बटाट्यासारखा लागतो. मुळा राहू दे, पाला दे. दोडक्याच्या शिरा, दुधीची सालं, कोथिंबिरीच्या काड्या, सगळ्याला तिच्याकडे काम होतं. मागच्या सोसायटीच्या कुंपणावर शेवगा वाकला होता, त्याचा पाला वॉचमनला विचारून ओरबाडायची. आणि या सगळ्यावर येसर. गहू, डाळी आणि मसाले भाजून दळलेलं ते परभणीकडचं तपकिरी पीठ आमटीला लावलं, की डाळ मूठभर असली तरी घरभर वास सुटायचा. येसर म्हणजे पाण्याला चढवलेला फेटा. पाणीच असतं, पण रुबाबात येतं.

हल्ली मोबाईलवर गोऱ्या गोऱ्या बायका हेच शिकवतात. सालं टाकू नका, त्यात फायबर असतं. श्यामलानं एकदा बघितलं होतं. त्या बाईच्या मागं तिच्या खोलीएवढा फ्रीज होता. फ्रीज भरलेला असला की सालीसुद्धा आवडीनं खाता येतात.

तर असं हे घर उत्तम चाललं होतं. मग एका सोमवारी शाळेतून फोन आला, की सृष्टी प्रार्थनेच्या रांगेत पडली.

सृष्टी आठवीत. मोठा शुभंकर बारावी करून पोलीस भरतीची तयारी करत होता. सकाळी टेकडीवर पळायचा आणि घरी येऊन लांडग्यासारखा खायचा. श्यामला शाळेत गेली, तेव्हा पोरगी बाकावर पडली होती, ओठ पांढरे. शिक्षिकेनं विचारलं, "सकाळी काही खाऊन येते का ही?" श्यामला म्हणाली, "हो, खाते की." सवयीनं म्हणाली. शिक्षिकेनं पोरीची खालची पापणी ओढून दाखवली. "रक्त नाहीये अंगात. जेवणाकडे लक्ष द्या जरा." घरी वैजनाथ म्हणाला, "जेवणाला काय धाड भरलीय? मोबाईल बघून बघून डोकं गरगरायलंय तिचं." चार दिवस श्यामलानं तिच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले. पाचव्या दिवशी ते तिला शुभंकरच्या ट्रॅकपँटच्या खिशात सापडले. "दादा पळतो ना," सृष्टी म्हणाली.

श्यामलाच्या काळजात तेव्हाच काहीतरी टोचलं होतं. पण गरिबाच्या घरात काळजी करायलाही निवांतपणा लागतो, तो कुठून आणायचा?

त्या रविवारी सायनाथ आला. तो वैजनाथचा कारखान्यातला जोडीदार, ब्रेकही दोघांना एकदमच मिळालेला. आता मोटारसायकलवर पार्सलं पोचवायचा. सोबत बायको हेमा आणि तिच्या खांद्यावर सात महिन्यांचं बाळ. हेमा कसबा पेठेतली, तांबट आळीतली. बाप भांडी ठोकायचा, पोरीची जीभही तशीच निघालेली.

"वहिनी, हिला तुमच्याकडं ट्रेनिंगला सोडायलोय," सायनाथ दारातूनच म्हणाला. "महिन्याच्या वीस तारखेला आमचा डबा खडखडतो. दादा म्हणतात, तुमच्याकडं तसं होतच नाही."

"होतच नाही," वैजनाथ म्हणाला.

"मी शिकायला तयार आहे," हेमा चप्पल काढत म्हणाली. "फक्त शिकवणी फुकट आहे ना, ते आधी सांगा. नाहीतर आमचं वीस तारखेचं एकोणीसवर यायचं."

सायनाथ दोन पार्सलं पोचवून जेवायला येतो म्हणून गेला. शुभंकर कानात मोबाईलची बोंडं घालून पडला होता. वैजनाथनं पेपर उघडला. बाळ सृष्टीच्या मांडीवर झोपलं आणि मागच्या खोलीत शिकवणी सुरू झाली.

हेमा गुणी निघाली. दांडे सोलले, शिरा तव्यावर परतल्या, मुळ्याच्या पाल्याला बेसन कसं पेरायचं ते पाहिलं. तोंड मात्र बंद नव्हतं. "ताई, एवढी सालं आम्ही टाकतो हे कळलं असतं ना, तर आमच्या बाबांनी लग्नात रुखवतात तीच मांडली असती." श्यामला खूप दिवसांनी हसली. आपल्याला काही येतं, ते कुणीतरी बघतंय, हे तिला बरं वाटत होतं. येसराचा डबा तिनं हेमाच्या नाकाशी धरला. आमटीला उकळी आली, तेव्हा बाहेरून वैजनाथ ओरडला, "वास आला का हेमा? वासानंच अर्धं पोट भरतं!"

"मग अर्धीच आमटी वाढा दादांना," हेमा हळूच म्हणाली, आणि बाळाला थोपटणारी सृष्टीसुद्धा खुदकन हसली.

मग श्यामलानं परात घेतली आणि ज्वारीच्या पिठाचा डबा उघडला.

भाकरीचं पीठ ती मापानं घेत नसे. सासूनं शिकवलं होतं तसं नाव घेऊन घ्यायची. एक नाव, एक ओंजळ. ओंजळीत दोन भाकरी होतात. सासू म्हणायची, नावाचं पीठ ताटात जातं, बेनावाचं कुत्र्याला जातं. गावाकडे सगळ्यांची नावं झाली, की शेवटी सासू आणखी एक ओंजळ टाकायची आणि म्हणायची, "दारच्याची." म्हणजे अवचित कुणी दारात आलं, तर त्याची. आता दारात काही रोज कुणी येत नाही. मग ती ओंजळ बायका खायच्या. सासूच्या मोजणीतही बायकांची नावं नव्हती. त्यांच्या पोटाची सोय त्या दारच्यानं लावली होती, जो येतच नव्हता.

श्यामला पुटपुटत होती. "ह्यांची." एक ओंजळ. "भावजींची." दुसरी. "शुभंकरची." ही जरा शिगोशीग. "हेमाची." चौथी. आणि तिनं डब्याला झाकण लावलं.

हेमा उकिडवी बसून बघत होती. "ताई, चारच?"

"हं?"

"आपण सहा आहोत ना. बाळ सोडून." तिनं बोटं उघडली. "दादा, हे, शुभंकर, मी. तुम्ही? आणि ही?"

श्यामलाचे हात परातीत तसेच राहिले.

स्वतःचं तिला ठाऊक होतं. वैजनाथला ब्रेक मिळाला, त्या महिन्यात काटकसर कुठून सुरू करायची म्हणून तिनं दारच्याची ओंजळ बंद केली. पुण्यात दारात कोण येतंय, असा विचार केला. ती आपलीच होती, हे कळत होतं आणि कळूनही बंद केली. मग कढई पुसून, उरलासुरला पापुद्रा आमटीत बुडवून, वर तांब्याभर पाणी पिऊन भागवायची. त्याचं तिला दुःख नव्हतं. उलट आत कुठेतरी गर्वच होता.

पण पोरीचं नाव कधी गळलं?

ती आठवू लागली. लहानपणी तर घ्यायची की. 'सृष्टीची अर्धी ओंजळ' म्हणायची आणि पोरगी परातीशी बसून टाळ्या पिटायची. तेव्हा सृष्टी बापाशेजारी, भावाशेजारी पहिल्या पंगतीला बसायची. मग मागच्या वर्षी तिला पाळी सुरू झाली, आणि एक दिवस ती आपणहून उठून आत आली. म्हणाली, "मी तुझ्यासोबत जेवेन." श्यामलाला केवढं कौतुक वाटलं होतं! पोरगी शहाणी झाली म्हणून. त्या दिवसापासून पोरगी बायकांत गेली. आणि बायकांची नावं कुणी घेत नाही. बायका दारच्याच्या ओंजळीवर जगतात, आणि ती ओंजळ तर श्यामलानं स्वतःच्या हातानं बंद केली होती.

कुणी ठरवलं नव्हतं. बापानं नाही, भावानं नाही. जिनं नऊ महिने पोटात वाढवली, तिच्याच हातानं तिला परातीतून काढून टाकलं होतं, नाव घेता घेता.

"ताई?" हेमानं विचारलं.

"भागतं गं आमचं," श्यामला म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "कढईत राहतंच की काहीबाही."

"तुमचं भागत असेल. माझ्या अंगावर हा पितोय, मला कढई पुसून दूध येणार नाही. हे शिकायला आले असेन मी, तर चुकीच्या क्लासला आले."

 श्यामलानं झाकण काढलं आणि मोठ्यांदा म्हणाली, "सृष्टीची." अख्खी ओंजळ. पोरीनं दचकून वर पाहिलं. संध्याकाळच्या पिठात तेवढा खड्डा पडला. स्वतःचं नाव घ्यायला तिची जीभ उचलली नाही. एवढ्या दिवसांची सवय एका सकाळी जाते होय?

सायनाथ आला. तिघांची पानं पडली. वैजनाथ आज रंगात होता. आपल्याकडे भिकारी झालेला माणूसही आग्रहाला कमी पडत नाही. "घे रे, लाजतो काय? अजून घे! अगं, सायनाथला भाकरी आण! भाजी वाढ. चटणी खा, चटणी कशाची हाय ओळख बरं. दोडक्याच्या शिरांची! लोक फेकून देतात!" सायनाथ सकाळपासून पार्सलं वाहून आलेला, त्याला ओळखायला वेळ नव्हता. तो खात होता. शुभंकरही खात होता. श्यामला भाजत होती आणि सृष्टी गरम भाकऱ्या बाहेर नेत होती.

"हेमा, बघ!" वैजनाथ आतल्या दाराकडे मान करून म्हणाला. "एवढ्याशा पैशात असं जेवण पुण्यात कुठं मिळंल का सांग. लोक म्हणतात महागाई, महागाई. महागाई डोक्यात असती."

"आणि स्वस्ताई?" हेमा आतून म्हणाली. पण ते त्याला ऐकू गेलं नाही.

टोपल्यात आता चार भाकऱ्या राहिल्या. हेमाच्या दोन, सृष्टीच्या दोन. बाहेरून शुभंकर ओरडला, "आई, अजून आहे का?"

श्यामला तव्यावरून मान वळवून बघते, तोवर सृष्टी उठली होती. तिनं टोपल्यातून आपल्या वाटणीच्या दोन्ही भाकऱ्या उचलल्या, बाहेर गेली, आणि "घे दादा," म्हणून त्याच्या ताटात ठेवल्या. एक त्यानं घेतली, दुसरी वैजनाथनं उचलून सायनाथच्या ताटात टाकली. सृष्टी परत आली, माठातून पाणी घेतलं आणि तांब्या वर करून गटागटा प्यायली. मग पदर नसताना फ्रॉकच्या बाहीनं तोंड पुसून भिंतीला टेकून बसली. चेहऱ्यावर एक समाधान होतं.

तो चेहरा श्यामला ओळखत होती. आरशात नाही बघितला कधी, पण आतून ओळखत होती. तांब्या वर करून पाणी प्यायची ती तऱ्हा तिची होती. तोंड पुसायची तिची होती. तो गर्वही तिचाच होता. तेराव्या वर्षी पोरगी सगळं शिकली होती, आणि शिकवणी फुकट होती.

बाहेर वैजनाथनं ढेकर दिली. ताटातच हात धुतला. आणि हात धुता धुता, रोज विचारायचा तसंच विचारलं, "तुला हाय ना गं?"

हा प्रश्न तो रोज विचारायचा. एक दिवस चुकला नाही. आणि ती रोज म्हणायची, "आहे की." देवळातल्या घंटेसारखं होतं ते. वाजवायची आणि पुढं जायचं.

"नाही," श्यामला म्हणाली.

"हं. आँ?"

ती आतल्या दारात येऊन उभी राहिली. हाताला पीठ होतं. "नाही म्हटलं. माझी भाकरी नाही. सृष्टीची होती, ती तुमच्या ताटांत गेली."

शुभंकरनं कानातलं बोंड काढलं. "मी? मला काय माहीत! तिनंच आणून दिली."

"तुला माहीत नाही. तुझ्या बापालाही माहीत नाही. रोज नसतं, आणि रोज कुणालाच माहीत नसतं."

सायनाथनं उष्टा हात ताटावर तसाच धरला होता. तो धुवावा की नाही, हे त्याला कळेना.

वैजनाथ हसला. पाहुण्यांपुढं माणूस आधी हसतोच. "अगं, मग टाक ना दोन. एवढं काय त्यात? पीठ संपलं का?"

"पीठ आहे. संध्याकाळचं आहे."

"मग संध्याकाळचं संध्याकाळी बघू."

"संध्याकाळी कुणाचं नाव गाळू, तेवढं सांगा. इतके दिवस माझं गाळत होते. माझं पुरेना, तर तिचं गळलं. ती शाळेत पडली ना, ती मोबाईल बघून नाही पडली. तुमची ताटं भरायची, त्यात ती पडली."

आता वैजनाथचं हसू गेलं. कानशिलं लाल झाली. "मी कधी म्हणलो का गं, उपाशी राहा? बोल ना सगळ्यांपुढं. पगार आणून देतो का नाही? सायनाथ, तू सांग, मी असा माणूस हाय का?"

सायनाथ ताटाकडे बघत राहिला.

"नाही म्हणालात," श्यामला म्हणाली. "कधीच नाही म्हणालात. तुम्ही रोज विचारता. हात धुतल्यावर विचारता."

 आतून हेमाचा आवाज आला, बाळाला खांद्यावर घेता घेता, अगदी थंडपणे. "दादा, वाढायच्या आधी विचारून बघा एकदा. वेगळं उत्तर येतं. आमच्या कसब्यात तरी येतं, तुमच्याकडचं माहीत नाही."

"हेमा, गप्प बस," सायनाथ म्हणाला.

"गप्प बसायला नाही, शिकायला आलेय. तूच आणून सोडलंस."

वैजनाथ उठला. "तू मला मित्रापुढं नागडा केलंस," एवढं बायकोला म्हणाला आणि चप्पल घालून निघून गेला. भुकेची गोष्ट बाईनं काढली, तर पुरुषाची अब्रू जाते. आणि अब्रू गेली, की भुकेची गोष्ट तिथंच संपते.

सायनाथ गाडीपाशी जाऊन उभा राहिला. आत हेमानं आपल्या दोन भाकऱ्या मोडल्या, तीन वाटे केले आणि आमटीचं भांडं मध्ये ओढलं. तिघी भांड्याभोवती बसल्या. सृष्टीनं आपला वाटा आईकडे सरकवला. "मला भूक नाहीये."

"माहितेय मला तुझी ती भूक," श्यामला म्हणाली. "खा."

पोरीनं घास घेतला, पण डोळे दाराकडे.

निघताना हेमानं येसराची पुडी कमरेला खोचली. "ताई, दांडे करीन, शिरा करीन, येसरही लावीन. बाकीचं मात्र घेऊन जात नाही. ते इथंच राहू दे."

"इथंही नको," श्यामला म्हणाली.

गल्लीत सायनाथनं किक मारली. वर खिडकीपर्यंत त्याचा आवाज स्पष्ट आला. "झालं ते झालं, पण वहिनींच्या हाताला चव हाय राव. जमेल ना तुला असं?" हेमा काय म्हणाली, ते इंजिनात बुडालं. बरंच काहीतरी म्हणाली असणार, कारण गाडी कोपऱ्यापर्यंत दोनदा बंद पडली.

दिवेलागणीला वैजनाथ आला. हातात जिलबीचा पुडा. त्यानं तो ओट्यावर आपटला. "घ्या. खा. उपाशी मारतो ना मी." पुड्याचा कागद तुपानं पारदर्शक झाला होता. श्यामलानं एकदाच तिकडे पाहिलं. आठवड्याची भाजी त्या पुड्यात होती. भांडणात पुरुष पैसा असा फेकतो आणि बाई तो वेचत बसते. तिनं पुडा उचलून फळीवर ठेवला आणि परात घेतली. शुभंकर बराच वेळ फळीकडे बघत होता. मग मुंग्या बघू लागल्या.

डब्यात पीठ थोडं होतं. ती दार उघडं ठेवून बसली, बाहेर ऐकू जाईल अशी.

"सृष्टीची," ती म्हणाली. एक ओंजळ.

मग थोडी थांबली.  लग्नाला वीस वर्षं होत आली, पण परातीवर हे नाव कुणी उच्चारलं नव्हतं. तिनं स्वतःही नाही. "श्यामलाची."

"शुभंकरची." ही आज शिगोशीग नव्हती.

चौथ्या वेळी डबा उपडा केला, तळाला थापट्या मारल्या. अर्धी ओंजळ निघाली. "ह्यांची," ती म्हणाली.

चार पानं एकदम वाढली. त्या खोलीत चौघांनी एकदम बसायचं म्हणजे गुडघ्याला गुडघा लागत होता. वैजनाथच्या ताटात एक भाकरी. त्यानं ताटाकडे पाहिलं. "एवढीच?"

"एवढीच. डब्यात होतं तेवढं पीठ घेतलं. आज चौघांत वाटलं."

तो खाऊ लागला.  शेजारच्या घरातल्या टीव्हीवर कुणीतरी हसत होतं. वैजनाथची भाकरी लवकर संपली. त्यानं आमटीत बोटं फिरवली. "कमी पडत होतं, तर सांगायचं," ताटाकडेच बघत म्हणाला. "मी काय बघायला येतो का आत?"

"नाही येत," श्यामला म्हणाली. "दोन पावलं आहे, पण नाही येत."

सृष्टी एक भाकरी खाऊन थांबली होती. तिनं बापाच्या रिकाम्या ताटाकडे पाहिलं, दुसरी भाकरी उचलली आणि त्याच्या ताटात ठेवली. "पप्पा, घ्या. माझं झालं."

आणि वैजनाथनं घेतली.

तो दुष्ट नव्हता. त्याच्या मनात काही नव्हतं. ताटात भाकरी आली, हात पुढं झाला, तुकडा मोडला, आमटीत बुडला, तोंडात गेला. आयुष्यभर असंच झालं होतं. चावता चावता त्यानं वर पाहिलं, तेव्हा शुभंकर त्याच्याकडे बघत होता. श्यामला बघत होती. घास तोंडातच राहिला. आता तो गिळताही येईना आणि टाकताही येईना.

श्यामलानं हात लांब केला, त्याच्या ताटातली उरलेली भाकरी उचलली आणि सृष्टीच्या ताटात ठेवली.

"आई, पण पप्पांना कमी..."

"पडू दे."

"मला खरंच नकोय."

"मलाही खरंच नको असायचं," श्यामला म्हणाली. "खा. तुझं होईस्तोवर कुणी हात धुणार नाही."

वैजनाथचा उजवा हात पाण्याच्या तांब्याकडे निघाला होता, तो मांडीवर परत आला. बोटांवरची आमटी वाळत होती. सृष्टीनं मान खाली घातली. तिनं भाकरीचा अगदी लहान तुकडा मोडला, बापाकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, आणि दुकानातून उचलून पळणाऱ्या पोरासारखा तो घाईघाईनं तोंडात घातला.